औषधसाठा आणि संगणकीय तक्ता : ‘बहुता’ व ‘संपत्’ यांचे दैनंदिन गणित

चिकित्सेचे चार पाद सांगताना चरकाचार्यांनी वैद्य, द्रव्य, उपस्थाता आणि रोगी असा क्रम लावला आहे. यांपैकी द्रव्याचे जे चार गुण सूत्रस्थानाच्या नवव्या अध्यायात येतात, त्यांत पहिला गुण ‘बहुता’ हा आहे. औषध पुरेशा प्रमाणात उपलब्ध असणे, हा त्याचा सरळ अर्थ. त्यापुढे योग्यत्व, अनेकविध कल्पना आणि संपत् हे गुण सांगितले आहेत. संपत् म्हणजे रस-वीर्यादींनी युक्त, अदूषित असणे. आपल्या परिषदांतून योग्यत्वाची आणि कल्पनांची चर्चा भरपूर होते. बहुता आणि संपत् हे दोन गुण मात्र आपण औषधनिर्मात्यावर आणि स्टॉकिस्टवर सोपवून मोकळे होतो. वस्तुतः औषध आपल्या कपाटात आल्यानंतर या दोन्ही गुणांचे रक्षण करणे हे आपलेच काम आहे. त्या कामी संगणकावरील साधा तक्ता कसा उपयोगी पडतो, हे येथे मांडण्याचा आमचा प्रयत्न आहे.

विषय नवा वाटला तरी विचार जुना आहे. सूत्रस्थानाच्या पंधराव्या, उपकल्पनीय अध्यायात वमन-विरेचनापूर्वी सर्व साहित्य आधीच जमवून ठेवण्याचा उपदेश आहे. त्यामागील कारणही तेथेच दिले आहे. आपत्ती समोर उभी राहिल्यावर, बाजार जवळ असला तरी, औषधे योग्य रीतीने तातडीने गोळा करणे सुकर नसते. निलंग्यासारख्या तालुक्याच्या गावी व्यवसाय करणाऱ्यास या वाक्याचा अर्थ वेगळा समजावून सांगावा लागत नाही. लातूरचा स्टॉकिस्ट सुमारे पन्नास किलोमीटरवर आहे. पुणे, पनवेल, नागपूर येथून निघालेला माल लातूरमार्गे पोहोचेपर्यंत आठवडा जातो, आणि दिवाळीच्या दिवसांत ट्रान्सपोर्ट बंद राहिले तर दोन आठवडेही जातात. आमवाताचा रुग्ण तीन महिन्यांच्या उपचारक्रमात दुसऱ्या महिन्याला येतो आणि त्याचे औषध संपलेले असते. तो परत जातो, वेदनाशामक गोळी घेतो, आणि पुष्कळदा पुन्हा येतच नाही. ही हानी रोजमेळात दिसत नाही, म्हणूनच ती अधिक गंभीर आहे.

नोंदवही आहे, मग तक्ता कशासाठी?

आपल्यापैकी बहुतेकांकडे स्टॉक रजिस्टर असते. आयुर्वेदिक औषधांच्या निर्मितीसाठी परवाना लागतो. केवळ विक्रीसाठी मात्र औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्याखाली तो बंधनकारक नाही. त्यामुळे ही वही नीट ठेवण्याचा बाहेरून फारसा दबाव नसतो. वही लिहिली तरी ती ‘काय आले, काय गेले’ एवढेच सांगते. ‘आज काय मागवावे’ आणि ‘कोणते औषध आधी संपवावे’ या दोन प्रश्नांची उत्तरे तिच्यातून काढावी लागतात, आणि त्यासाठी सायंकाळी वेळ उरत नाही. मग मागणी नजरेवर होते. कपाटात पोकळी दिसली की मागवायचे. नाहीतर कंपनीचा प्रतिनिधी दारात आला की मागवायचे.

संगणकीय तक्ता हे काम आपोआप करतो. डॅन ब्रिकलिन आणि बॉब फ्रँकस्टन यांनी १९७९ मध्ये ‘व्हिसिकॅल्क’ हा पहिला लोकप्रिय तक्ता बाजारात आणला. एक आकडा बदलला की त्यावर अवलंबून असलेले सर्व आकडे स्वतः बदलावेत, ही त्यामागील कल्पना. एक्सेल, विनामूल्य मिळणारे लिबरऑफिस कॅल्क किंवा मोबाइलवरही उघडणारे गूगल शीट्स, या सर्वांचे मूळ तत्त्व तेच आहे. आपल्या कामास यांपैकी कोणतेही पुरेसे आहे. शासकीय रुग्णालयांच्या औषधपुरवठ्यासाठी सी-डॅकने ‘ई-औषधी’ ही मोठी प्रणाली विकसित केली. एका चिकित्सालयाला किंवा औषधी दुकानाला तेवढ्या पसाऱ्याची गरज नाही.

तक्त्याची रचना

एकाच फाइलमध्ये तीन पाने करावीत.

पहिले पान औषधसूचीचे. प्रत्येक औषधास एक ओळ आणि एक क्रमांक द्यावा. क्रमांकापुढे औषधाचे नाव, कल्प, निर्माता, मोजण्याचे एकक, पुरवठादार, माल येण्यास लागणारे दिवस आणि खरेदीदर असे स्तंभ असावेत. क्रमांकाचा आग्रह अकारण नाही. आपण एकदा ‘गुग्गुळ’, एकदा ‘गुग्गुल’ आणि एकदा ‘गुग्गुलु’ लिहितो. वाचणाऱ्याला तिन्ही एकच वाटतात, पण संगणकास ती तीन वेगळी औषधे वाटतात आणि साठा तीन ठिकाणी विभागला जातो. नोंद क्रमांकाने केली की हा घोटाळा टळतो. मराठी मजकूर युनिकोडमध्येच टंकित करावा. जुन्या फाँटमध्ये लिहिलेली नावे शोधता येत नाहीत आणि अकारविल्हेही लागत नाहीत.

दुसरे पान आवक-जावकीचे. येथे प्रत्येक व्यवहाराची एक ओळ असते. तारीख, औषधाचा क्रमांक, बॅच क्रमांक, मुदत संपण्याची तारीख, आवक, जावक आणि शेरा हे स्तंभ पुरेत. फुटलेली बाटली, बुरशी आलेले चूर्ण, नमुना म्हणून दिलेली डबी ही सर्व जावकच आहे. शेऱ्यात कारण लिहावे. या पानावर रुग्णाचे नाव लिहू नये. ते रुग्णपत्रिकेत असते, आणि औषधाच्या हिशोबाची फाइल मदतनिसापासून कर सल्लागारापर्यंत अनेकांच्या हाती जाते.

तिसरे पान स्थितीचे. येथे हाताने काहीही लिहायचे नाही. ‘सम-इफ’ या सूत्राने दुसऱ्या पानावरील त्या त्या क्रमांकाच्या आवकेची बेरीज घ्यावी, तिच्यातून जावकेची बेरीज वजा करावी. उरतो तो हातातील साठा. वैद्यांनी रोज सकाळी पाहावे असे पान हेच.

एककाविषयी थोडे विस्ताराने सांगणे आवश्यक आहे, कारण आपल्या व्यवसायाची अडचण ॲलोपॅथीच्या दुकानापेक्षा येथे वेगळी आहे. आपण डबीत घेतो आणि पुडीत देतो. अविपत्तिकर चूर्णाचे ५०० ग्रॅमचे पाकीट येते आणि जाते ते ३ ग्रॅमच्या मात्रेने. दिवसातून दोनदा, पंधरा दिवस, म्हणजे एका रुग्णास ९० ग्रॅम. पाच रुग्णांस ४५० ग्रॅम गेले की पाकिटात ५० ग्रॅम उरतात. सहाव्या रुग्णास ते पुरत नाहीत, पण नोंदीत ‘पाकीट १’ शिल्लकच दिसते. यास्तव सुटे दिले जाणारे प्रत्येक द्रव्य आवकेतही आणि जावकेतही ग्रॅममध्ये किंवा मिलिलिटरमध्येच लिहावे. सीलबंद दिले जाणारे औषध नगात लिहावे. एकाच औषधास दोन एकके कधीही वापरू नयेत.

पुनर्मागणीची पातळी

साठा किती उरला म्हणजे मागणी नोंदवावी, या आकड्यास आपण ‘मागणीपातळी’ म्हणू. ती दोन गोष्टींनी बनते. माल येईपर्यंत लागणारे औषध ही पहिली, आणि खप अचानक वाढला किंवा माल उशिरा आला तर हाताशी असावे असे राखीव औषध ही दुसरी.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. एका चिकित्सालयात योगराज गुग्गुळाच्या डब्यांचा गेल्या सहा महिन्यांचा खप २४, २२, २६, ३०, ३३ आणि ४५ असा आहे. एकूण १८०, सरासरी महिन्याला ३०, म्हणजे दिवसाला १. सर्वाधिक खपाच्या महिन्यात दिवसाला दीड. माल एरवी ७ दिवसांत येतो, अधिकात अधिक १४ दिवस लागतात. नेहमीच्या परिस्थितीत माल येईपर्यंत १ गुणिले ७, म्हणजे ७ डब्या लागतील. प्रतिकूल परिस्थितीत दीड गुणिले १४, म्हणजे २१ लागतील. दोहोंतील फरक १४, हा राखीव साठा. मागणीपातळी २१. कपाटात २१ डब्या उरल्या की मागणी जावी. नजरेला एकवीस डब्या भरपूर दिसतात, आणि नजरेवर विसंबणारा वैद्य तेव्हा मागवीत नाही. चूक होते ती येथेच.

किती मागवावे? महिन्यातून एकदा मागणी पाठवायची असेल तर मागणीपातळीत महिन्याचा खप मिळवावा. २१ अधिक ३० म्हणजे ५१ ही भरणा-मर्यादा. कपाटात १८ असतील आणि आधीची कोणतीही मागणी वाटेत नसेल, तर ३३ मागवाव्यात. डझनानेच मिळत असल्यास ३६. वाटेत असलेला माल मात्र वजा केलाच पाहिजे. स्थितीपानावर ‘येणे बाकी’ असा स्तंभ नसेल तर एकच मागणी दोनदा जाण्याचा संभव असतो.

हे सर्व आकडे ‘इफ’ या सूत्रात बसवता येतात. साठा अधिक येणे बाकी ही बेरीज मागणीपातळीइतकी किंवा तिच्याहून कमी झाली की त्या ओळीत ‘मागवा’ हा शब्द यावा, अन्यथा रकाना रिकामा राहावा. सशर्त रंगाची सोय वापरून ती ओळ पिवळी करता येते. मग मागणीपत्र लिहिणे म्हणजे पिवळ्या ओळी पुरवठादाराप्रमाणे गाळून घेणे, एवढेच काम उरते.

सरासरीचे तीन सापळे

पहिला सापळा शून्याचा. औषध महिन्यातील दहा दिवस संपलेले होते आणि उरलेल्या वीस दिवसांत २० डब्या गेल्या. तक्ता महिन्याचा खप २० दाखवील. प्रत्यक्ष मागणी दिवसाला १, म्हणजे महिन्याला ३० होती. हा २० चा आकडा धरून पुढची मागणी कमी केली की औषध पुन्हा संपते, आणि तुटवडा स्वतःच स्वतःला जन्म देत राहतो. म्हणून खप महिन्याच्या दिवसांनी न भागता औषध उपलब्ध असलेल्या दिवसांनी भागावा. ‘नाही’ म्हणून परत पाठविलेल्या मागणीचीही दुसऱ्या पानावर शेऱ्यासह नोंद ठेवावी.

दुसरा सापळा ऋतूचा. आपला साठा ऋतुचर्येने चालतो. वसंतात वमन, वर्षेत बस्ती, शरदात विरेचन या क्रमाने घृत, तैल आणि क्वाथद्रव्ये यांचा खप चढतो-उतरतो. त्यात आपल्या भागाचे शेतीचे वेळापत्रक मिसळते. पेरणीच्या दिवसांत दीर्घ उपचार पुढे ढकलले जातात; सोयाबीन विकून हाती पैसा आला की तेच रुग्ण गुडघेदुखी घेऊन येतात. अशा वेळी मागील तीन महिन्यांची सरासरी दिशाभूल करते. गेल्या वर्षीच्या त्याच दोन-तीन महिन्यांचा खप शेजारच्या स्तंभात ठेवावा आणि दोहोंतील मोठा आकडा धरावा. शरदातील विरेचनासाठी लागणारी घृते भाद्रपदाच्या आरंभीच मागवायची असतील, तर तक्त्याला ते आषाढ-श्रावणाच्या खपावरून कळणार नाही; गतवर्षीच्या नोंदीवरूनच कळेल. एक वर्षाची नोंद पूर्ण झाल्यावर तक्त्याचे मोल खऱ्या अर्थाने वाढते ते यामुळेच.

तिसरा सापळा असाधारण काळाचा. २०२० मध्ये आयुष मंत्रालयाने तुळस, दालचिनी, सुंठ आणि मिरे यांच्या ‘आयुष क्वाथा’चा पुरस्कार केला. काढे आणि गुळवेलीचे कल्प यांची मागणी एकाएकी वाढली, आणि साथ ओसरल्यावर तशीच घटली. अशा महिन्यांचा खप नोंदीत ठेवावा, परंतु सरासरीतून वगळावा.

मुदत : ‘संपत्’ राखण्याचा भाग

शार्ङ्गधरांनी चूर्णाची सवीर्यता दोन महिने आणि गुटिका-अवलेहांची एक वर्ष सांगितली. आसव, धातू आणि रस हे जुने झाल्यावर अधिक गुणवान मानले. कायद्याने मुदत छापण्याचे बंधन बरेच उशिरा आले. २००९ च्या अधिसूचनेने औषध नियमांत १६१-ब हा नियम घालण्यात आला. त्यानुसार चूर्ण व घृत यांस दोन वर्षे, अवलेह व तैल यांस तीन, गुग्गुळकल्पांस पाच आणि आसव-अरिष्टांस दहा वर्षे अशी कमाल मर्यादा आहे. व्यवहारात वेष्टनावर छापलेली तारीख हीच प्रमाण. परंतु स्वतःच्या रुग्णांसाठी वैद्याने स्वतः तयार केलेल्या औषधावर कोणी तारीख छापून देत नाही. ती तयार केल्याच्या दिवशीच तक्त्यात लिहिली गेली पाहिजे. अशा चूर्णास शार्ङ्गधरांची मर्यादा जवळ करणे अधिक श्रेयस्कर, असे आमचे मत आहे.

वेष्टनावर केवळ महिना आणि वर्ष असल्यास त्या महिन्याची अखेरची तारीख लिहावी. तारखेची मांडणी दिवस-महिना-वर्ष अशीच आहे, हे संगणकाच्या सेटिंगमध्ये एकदा पाहून घ्यावे. अन्यथा ३ एप्रिलची ४ मार्च होते आणि कोणाच्या लक्षातही येत नाही.

येथे दोन गणिते उपयोगी पडतात. पहिले पुरवठ्याचे. हातातील साठा भागिले मासिक खप, म्हणजे साठा किती महिने पुरेल ते. हा आकडा मुदतीच्या उरलेल्या महिन्यांहून मोठा असेल, तर काही औषध वाया जाणार हे आजच निश्चित झाले. ती ओळ लाल व्हावी. दुसरे गणित रुग्णाच्या घरचे. पंचेचाळीस दिवसांचे औषध आज दिले तर ते पंचेचाळिसाव्या दिवशीही मुदतीत असले पाहिजे. म्हणून कपाटातून औषध बाहेर काढण्याची तारीख छापील मुदतीच्या दोन महिने आधीची धरावी, आणि ज्या बॅचची मुदत आधी संपते ती आधी द्यावी. नवा माल मागे, जुना पुढे, ही कपाटाची शिस्त तक्त्याइतकीच महत्त्वाची आहे.

याच गणिताने ‘स्कीम’चाही निकाल लागतो. दहा बाटल्यांवर दोन मोफत, अशी योजना प्रतिनिधी घेऊन येतो. बाटलीचा दर १५० रुपये, दहांचे १५००. आपला खप महिन्याला एक बाटली आणि मालाची मुदत उरली आहे आठ महिने. बारापैकी आठ खपतील, चार वाया जातील. वापरलेली प्रत्येक बाटली १८७ रुपये ५० पैशांना पडली. मोफत बाटल्यांनी औषध महाग केले. तीच योजना महिन्याला चार बाटल्या खपणाऱ्या औषधावर असेल, तर बारा बाटल्या तीन महिन्यांत संपतील, दर १२५ रुपये पडेल आणि ती अवश्य स्वीकारावी. निर्णय प्रतिनिधीच्या आग्रहाने न होता खपाच्या आकड्याने व्हावा.

वस्तू व सेवा करासाठी नोंदणी केलेल्या दुकानदारांनी आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. नष्ट करावा लागलेल्या मालावर घेतलेली कराची वजावट परत करावी लागते. म्हणजे मुदतबाह्य औषधाचे नुकसान दुहेरी आहे. तसेच दर आणि कर हे स्तंभ वेगळे ठेवावेत. २२ सप्टेंबर २०२५ पासून आयुर्वेदिक औषधांवरील कर १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. ज्यांनी करासह एकच आकडा लिहिला असेल, त्यांना जुन्या-नव्या मालाची तुलना करणे अवघड जाईल.

सर्वांस सारखे लक्ष नको

दोनशे औषधांकडे सारखे लक्ष देणे शक्य नाही आणि आवश्यकही नाही. औषधसूचीत दोन खुणा कराव्यात. पहिली महत्त्वाची : ज्याच्या अभावी चालू उपचार खंडित होतो ते ‘अत्यावश्यक’, ज्यास पर्याय देता येतो ते ‘आवश्यक’, आणि केवळ मागणीखातर ठेवलेले ते ‘ऐच्छिक’. दुसरी पैशाची : वार्षिक खप गुणिले दर काढून उतरत्या क्रमाने लावले की थोड्याच औषधांत बहुतेक भांडवल गुंतल्याचे दिसते. अत्यावश्यक पण स्वस्त औषधाचा राखीव साठा निःसंकोच वाढवावा. ऐच्छिक आणि महाग औषध नोंदणी घेऊन मागवावे. सुवर्णकल्प कुलुपात ठेवावेत आणि त्यांची मोजणी दर आठवड्यास व्हावी.

आरंभ आणि सातत्य

सर्व कपाट एकदम तक्त्यात उतरविण्याचा संकल्प बहुधा पहिल्या आठवड्यातच सुटतो. अधिक खपाची तीस औषधे निवडावीत, एका सुटीच्या दिवशी ती प्रत्यक्ष मोजावीत आणि तो आकडा आरंभीची शिल्लक म्हणून लिहावा. आवक बिल हाती येताच लिहावी. जावक दिवसाअखेर एकदा. नोंद करणारी व्यक्ती एकच असावी, आणि तिच्या गैरहजेरीत कोण करील हेही ठरलेले असावे. दर आठवड्यास दहा औषधे मोजून तक्त्याशी ताडून पाहावीत. फरक आढळल्यास आकडा गुपचूप दुरुस्त करू नये. शेऱ्यासह नवी ओळ लिहावी, म्हणजे गळती कोठे होते ते कळेल.

आठवड्यास एकदा फाइलची प्रत पेन ड्राइव्हवर घ्यावी आणि महिन्याच्या पहिल्या तारखेस स्थितीपान कागदावर छापून कपाटाच्या दारास लावावे. वीज नसलेल्या सायंकाळीही ते पान उपयोगी पडते.

तक्ता रोगनिदान करीत नाही आणि औषधाची प्रतही पारखीत नाही. गुळवेलीचा तुकडा हातात घेऊन पाहण्याचे काम वैद्याचेच राहते. परंतु निवडलेले योग्य औषध रुग्णास योग्य दिवशी, सवीर्य स्थितीत मिळेल, एवढी निश्चिती तो देऊ शकतो. येत्या तिमाहीत प्रत्येक वैद्यबंधू-भगिनीने आणि औषधी दुकानदाराने किमान तीस औषधांचा तक्ता सुरू करावा. तीन महिन्यांनंतर ‘नाही’ म्हणून किती रुग्ण परत गेले आणि मुदत संपून किती औषध फेकावे लागले, हे दोन आकडे त्यातून काढावेत. पुढील मागणीपत्र कसे लिहायचे, ते त्या दोन आकड्यांवरूनच ठरेल.